सदतीस नंबरची ओळ

"हा सदतीस नंबरचा म्हातारा माझ्या अख्ख्या थिसिसची वाट लावणार," देवश्री पुटपुटली.

माझ्या दुकानात दोन स्टुलं, एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि एक झेरॉक्स मशीन एवढं बसवल्यावर जी जागा उरते, तिच्यात दोन माणसं शेजारी बसली की एकमेकांचा श्वाससुद्धा ऐकू येतो. ती माझ्याशी बोलत नव्हती. टाइप करणाऱ्या बाईला कान असतात हे डॉक्टर मंडळींच्या सहसा लक्षात राहत नाही, आणि मीही आठवण करून देत नाही. पण त्या दिवशी राहवलं नाही.

"काय केलं त्यानं एवढं?"

"काहीच नाही केलं काकू, तेच तर दुखणं आहे. सिगारेट नाही, तंबाखू नाही, शुगर नाही, कोलेस्टेरॉल नॉर्मल. आणि एन्झाइम बघा. नऊशे बारा! त्याच्या गटातले बाकीचे सगळे चारशेच्या आत. हा एकटा वर जाऊन बसलाय."

"वय काय म्हाताऱ्याचं?"

"छप्पन्न."

"मी त्रेपन्नची आहे."

"सॉरी, सॉरी," ती हसली आणि पुन्हा स्क्रीनमध्ये डोकं घातलं. गुणी पोरगी. नागपूरची. भूक लागली की चिडायची, म्हणून मी खणात तिच्यासाठी चिक्की ठेवायला लागले होते.

नगरात मेडिकल कॉलेजसमोर माझं हे दुकान एकवीस वर्षांपासून आहे. एमडी करणारी पोरं तीन वर्षं पेशंट तपासतात, त्यावर प्रबंध लिहितात आणि तो नीट करून घ्यायला माझ्याकडे येतात. समास, मथळे, तक्ते, संदर्भांची यादी, सगळं. मी बारावी पास. टायपिंग घरीच शिकले, दोन बोटांनी सुरू केलं आणि दहावर कधी पोचले ते मलाही कळलं नाही. सुरुवातीला एकेक अक्षर बघून ठोकायचे, जशी माणसं मोजून पायऱ्या चढतात तशी. मग अर्थ विचारायला लागले. पोरं हसायची, पण सांगायची. हाडं, डोळे, बाळंतपणं, मूतखडे, सगळं माझ्या हाताखालून गेलंय. आता अवघड शब्दांची स्पेलिंगं तीच पोरं मला विचारतात.

देवश्रीचा विषय होता हृदयाचा झटका आणि रक्तातली एन्झाइम. झटका येऊन भरती झालेल्या ऐंशी जणांचं रक्त पहिल्याच दिवशी काढायचं, त्यात शरीरातल्या दाहाची एन्झाइम किती आहेत ते मोजायचं आणि पुढे कुणाचं काय झालं ते बघायचं. प्रबंधाच्या शेवटी मोठा तक्ता असतो, मास्टर चार्ट म्हणतात त्याला. एका माणसाला एक ओळ. नाव नसतं. आद्याक्षरं, वय, भरती झाल्याची तारीख, हॉस्पिटलचा नंबर आणि मग रकानेच रकाने.

"हे रकाने कागदात बसवा ना काकू," ती म्हणाली आणि फोन आला म्हणून बाहेर गेली. गुरुवार होता. शनिवारी संध्याकाळी बाइंडिंगला द्यायचं, सोमवारी जमा करायचं.

मी तक्ता मोठा केला. शेवटचा रकाना अरुंद होता. बहुतेकांपुढे 'बरा होऊन घरी' असं इंग्रजीत लिहिलं होतं. सदतीस नंबरच्या ओळीत 'एक्स्पायर्ड' होतं, आणि ते रकान्यात मावत नसल्यामुळे शेवटचं अक्षर तेवढं खालच्या ओळीत पडलं होतं. मी रकाना रुंद केला. शब्द सरळ झाला. मग, या म्हाताऱ्यावर देवश्री एवढी का चिडते म्हणून, ओळ डावीकडून वाचत गेले.

एम. बी. पुरुष. छप्पन्न. नऊ जानेवारी. आणि हॉस्पिटलचा नंबर.

माझा स्वतःचा मोबाइल नंबर कुणी विचारला तर मी एखाद वेळेस अडखळेन. हा नंबर नाही अडखळणार. आमच्या कपाटात, मोझेसच्या स्वेटरखाली जी फाइल आहे, तिच्यावर तो निळ्या पेनानं लिहिलेला आहे.

मोझेस भिंगारदिवे. माझा नवरा. नगरच्याच नागापूर एमआयडीसीत लेथवर सत्तावीस वर्षं. रविवारी चर्चमध्ये हार्मोनियम. दीड वर्षापूर्वी नऊ जानेवारीला सकाळी छातीत कळ आली, आणि बाराला गेला.

ज्या वेळी डॉक्टरांनी माहिती लिहून घेतली त्या वेळी मी खाली मेडिकलच्या रांगेत इंजेक्शन आणायला उभी होते. त्याच्याजवळ मरियाताई होत्या, त्याची मोठी बहीण. तक्त्यात तसा रकानाच होता, 'माहिती देणारे'. त्यात लिहिलं होतं, बहीण. आणि तंबाखूच्या रकान्यात लिहिलं होतं, नाही.

मी खुर्ची मागे सरकवली तर ती झेरॉक्स मशीनला लागली. तेवढीच जागा.

देवश्री परत आली तेव्हा मी तिला म्हटलं, "हे एन्झाइम म्हणजे काय ते मला नीट सांग. टाइप करून करून पाठ झालंय, पण कळलेलं नाही."

तिला घाई होती, तरी सांगितलं. आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात, जंतूंशी लढणाऱ्या. त्यांच्या पोटात हे एन्झाइम असतं. जंतू दिसला की पेशी ते बाहेर सोडतात आणि त्यातून एक जहाल रसायन तयार होतं, जंतू मारणारं. पुवाला जो हिरवट रंग येतो ना, तो याच एन्झाइमचा.

"म्हणजे गावच्या टाकीत पाणी शुद्ध करायला टीसीएल पावडर टाकतात तसं?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "काकू, तसं नाही. तेच! टीसीएल पाण्यात पडल्यावर जे बनतं, अगदी तेच रसायन आपलं अंग बनवतं."

"आणि शिपायानं रोजच जास्त टाकली तर?"

"तर पाइप खराब होतात," ती म्हणाली. "रक्तवाहिन्यांचं तेच होतं. शरीरात कुठेतरी कायमची सूज असेल तर या पेशी लढाई नसतानाही लढत राहतात. वाहिनीच्या आतलं अस्तर बिघडतं, चरबी आत जाऊन बसते, तिची गाठ होते. गाठीवर एक पापुद्रा असतो, दुधावर साय धरते तसा. दुसरी काही एन्झाइम असतात ती हा पापुद्रा कुरतडतात. तो पातळ झाला आणि फाटला की तिथे रक्त गोठतं आणि वाट बंद. म्हणून कोलेस्टेरॉल नॉर्मल असलेला माणूसही जातो."

दीड वर्ष मी लोकांना तेच विचारत होते. कोलेस्टेरॉल तर नॉर्मल होतं ना? पाळकसाहेब म्हणाले, देवाची इच्छा. एमआयडीसीतले म्हणाले, टेन्शन. मला साय फाटल्याचं कुणी सांगितलं नव्हतं.

"आणि ही कायमची सूज कशानं येते?"

"तंबाखू, सिगारेट, शुगर. हिरड्यांची सूजसुद्धा. वर्षानुवर्षं हिरड्या सुजलेल्या असतील तर त्याचं आणि हृदयाचं नातं दिसतं. पण त्यानंच झालं असं छातीठोकपणे नाही म्हणता येत. दहा कारणं असतात." मग तिनं शेवटच्या प्रकरणातलं एक पान दाखवलं. "या सदतीस नंबरमुळे मला इथे अख्खा परिच्छेद लिहावा लागलाय. तंबाखूचा संबंध नसतानाही एन्झाइम एवढं वाढू शकतं, याचं उदाहरण म्हणून."

मोझेसच्या उशीच्या अभ्र्यावर सकाळी गुलाबी डाग असायचे. पेरू चावला की फोडीला रक्त लागायचं. शेवटची तीन वर्षं तो भाकरी दुधात कुस्करूनच खायचा. खालच्या दोन दाढा त्यानं स्वतःच, हातानं, हलवून हलवून काढल्या होत्या.

"मिश्री विचारली होतीस?" मी म्हटलं.

"मिश्री बायकांना विचारतो आम्ही. प्रत्येकीला." तिनं स्क्रीनवरून मान वर केली. "पुरुषांना कोण विचारतं?"

"आमच्याकडे लावतात पुरुषही."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"देवश्री," मी म्हटलं, "तो म्हातारा माझा नवरा आहे."

प्रिंटर मघाची पानं अजून ओकत होता. तिनं उठून तो बंद केला, पुन्हा चालू केला, परत बसली. तोंडातल्या तोंडात दोनदा म्हातारा या शब्दाची माफी मागितली. मी तिला चिक्की दिली. तिनं ती हातात धरून ठेवली.

संध्याकाळी तिचा फोन आला. तिनं गाइड सरांना विचारलं होतं. टाइप करणाऱ्या बाईच्या सांगण्यावरून तक्ता बदलला असं व्हायला नको, असं ते म्हणाले. बायको असली तरी. ज्यांनी माहिती दिली, संमतीपत्रावर ज्यांची सही आहे, त्यांनीच येऊन दुरुस्ती सांगावी आणि सही करावी. ते होणार नसेल तर शंका असलेला माणूस प्रबंधातून काढून टाकायचा. ऐंशीचे एकोणऐंशी करायचे.

"शनिवारी दुपारपर्यंत काकू. नाहीतर मला ती ओळ काढावी लागेल," ती म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता.

मी म्हटलं, "बघते."

आता मरियाताईंशी बोलायचं म्हणजे काय, ते सांगायला हवं.

मिश्री म्हणजे तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली तंबाखू, कुटून बारीक केलेली. ती बोटानं दातांना आणि हिरड्यांना घासायची आणि अर्धा तास तोंड मिटून बसायचं. आमच्याकडे तिला व्यसन कुणी म्हणत नाही. दात घासणं म्हणतात. चर्चच्या भगिनी मंडळात दर वर्षी व्यसनमुक्तीची शपथ घेतात, तेव्हा शपथेला पुढे केलेल्या हातांची बोटं मी बघते. निम्म्यांच्या उजव्या तर्जनीचं पेर काळपट. पण त्या शपथ मोडत नसतात. बिडी नाही, दारू नाही, गुटखा नाही. दात मात्र स्वच्छ.

लग्नानंतर जामखेडकडच्या त्यांच्या घरी पहिल्या सकाळी मी चहा घेऊन मागच्या दारी गेले, तर बहीण-भाऊ पायरीवर शेजारी शेजारी बसले होते. तोंडं घट्ट मिटलेली, नजर समोर. मला वाटलं, भांडलेत. चहा निवला. अर्ध्या तासानं दोघांनी चुळा भरल्या आणि हसत आत आले. पुढे ताई रिटायर होऊन आमच्याकडे नगरला राहायला आल्या आणि इथल्या मागच्या पायरीवरही ते रोजचंच झालं. ती त्यांची वेळ होती. तिथे शब्द लागत नव्हते आणि मी लागत नव्हते. प्रभुभोजनाच्या रविवारी तेवढी मोझेस आराधना होईपर्यंत मिश्री लावायचा नाही, आणि मग त्याचं डोकं असं ठणकायचं की हार्मोनियमवर सूर चुकायचे. सगळी मंडळी म्हणायची, आज भिंगारदिव्यांची तब्येत बरी दिसत नाही. का, ते सगळ्यांना माहीत असायचं.

तो गेल्यावर आम्ही दोघी उरलो. तीन खोल्या, दोन ताटं. मी पंचवीस वर्षं त्या पायरीचा हेवा केला, आणि आता ताई तिथे एकट्या बसतात तेव्हा शेजारची जागा मोकळी असूनही मला तिथे बसवत नाही. आम्ही बोलतो. दूध नासलं का, सिलिंडर कधी येणार, नळाला पाणी आलं का, कुणाच्या घरी सांत्वनाला जायचंय. मोझेसचं नाव एकमेकींसमोर काढत नाही. मी काढलं तर त्या उठून कपडे घड्या करायला जातात. त्यांनी काढलं तर मी. घरात इतक्या घड्या घातलेले कपडे असतात की पाहुण्याला वाटावं, इथे दहा माणसं राहतात.

शुक्रवारी सकाळी मी चहा देताना म्हटलं, "ताई, देवश्री म्हणून एक डॉक्टर मुलगी आहे. मोझेसला ॲडमिट केलं तेव्हा तिनंच तुम्हाला प्रश्न विचारले होते."

"असेल. बऱ्याच होत्या पोरी."

"तिनं तंबाखू विचारलं होतं तुम्हाला."

"हो. मी नाही म्हणाले." ताई चौतीस वर्षं झेडपीच्या शाळेत शिकवत होत्या. नाही कसं म्हणायचं असतं ते त्यांना चांगलं येतं. "माझ्या भावानं आयुष्यात तंबाखू चघळली नाही. बिडीला शिवला नाही. खोटं आहे का?"

"नाही."

"मग?"

"मिश्री लावायचा."

"दात घासायचा तो, रोहिणी. तू ब्रशनं घासतेस, तो बोटानं. उद्या विचारतील, भांग कुठल्या बाजूला पाडायचा, तेही लिहून देऊ का?"

"त्याच्या रक्तात जे सापडलं ना ताई, ते फार जास्त होतं. ती पोर लिहिणार आहे की तंबाखू नसतानाही एवढं वाढलं. ते चूक जाईल. तुम्ही उद्या दुपारपर्यंत दुकानात येऊन फक्त एवढं सांगायचं आणि सही करायची."

"आणि नाही आले तर?"

"तर त्याची ओळ काढून टाकतील."

ताईंनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली, प्याल्या नाहीत. "काढू देत. मेलेल्या माणसाची कसली आलीय ओळ. त्याचं नाव आहे ना कबरीवर? दगडात आहे. कोण काढतंय?"

"तिथे तो मेल्याचं लिहिलंय ताई. इथे का मेला ते लिहायचंय."

"तुला लई कळायला लागलंय," ताई म्हणाल्या. 'लई' हा शब्द त्या एरवी शाळेतल्या पोरांना बोलू द्यायच्या नाहीत. "कागदं वाचून वाचून डॉक्टरीण झालीस. त्याच्या वेळेला कुठं होती ही डॉक्टरकी?"

हे बरोबर बसलं. कारण ती तेव्हाही होती. हिरड्यांवरचा एक अख्खा प्रबंध मी चार वर्षांपूर्वी टाइप केला होता, फोटोंसकट. काळ्या पडलेल्या, सुजलेल्या, दातांपासून सुटलेल्या हिरड्यांचे फोटो. ते नीट बसवून, खाली आकृती क्रमांक घालून, मी घरी गेले होते आणि मोझेसची भाकरी दुधात कुस्करून दिली होती. एक शब्द बोलले नव्हते. बोलले असते तर ती पायरी मोडली असती, आणि मला वाटायचं, लोक म्हणतील, नव्या बाईनं बहीण-भावात काडी घातली. पंचवीस वर्षं झाली तरी मी स्वतःला नवी बाईच समजत होते.

मी कपडे घड्या करायला गेले. टॉवेल ओला होता, तरी घडी घातली.

दुपारी पुण्याहून मोनिकाचा फोन आला. माझी मुलगी. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मम्मी, जाऊ दे ना. आत्याला या वयात कशाला? पप्पा परत येणारेत का?"

"तुला माहीत होतं ना, मिश्री म्हणजे काय ते?"

"सगळ्यांनाच माहीत होतं मम्मी. जेवलीस का तू?"

माझ्या लेकीचं हे जेवलीस का म्हणजे फाटक लावून घेण्याची तऱ्हा आहे. माझ्याकडूनच शिकली असणार.

त्या दिवशी दुकानात मी दुसऱ्या कुणाचं काम घेतलं नाही. तक्ता उघडायचे, सदतीसवर यायचे, बंद करायचे. सगळ्या घरात त्याची एवढी माहिती एका जागी कुठेच नव्हती. उंची किती, वजन किती, नाडी किती, रक्तदाब किती. नऊ जानेवारीला सकाळी आठ चाळीसला त्याचं हृदय मिनिटाला एकशे अठरा ठोके देत होतं, हे मला आधी माहीत नव्हतं. मी त्या वेळी रांगेत होते. ही ओळ म्हणजे मी नव्हते तेव्हाचा तो. ती काढली की छत्तीसनंतर अडतीस नंबरचा माणूस वर सरकेल आणि त्याचाच सदतीस होईल. तसं करायला माउसची दोन बटणं पुरतात. एकवीस वर्षांत मी अशा किती ओळी काढल्या असतील, आणि त्या कुणाच्या होत्या हे एकदाही विचारलं नव्हतं.

शनिवारी दुपारी एकला देवश्री आली. तिनं काही विचारलं नाही. माझा चेहरा बघितला आणि स्टुलावर बसली.

"मी बाहेर थांबू का काकू? तुम्ही कराल?"

"थांब इथंच."

मी ओळ निवडली. स्क्रीनवर ती डावीकडून उजवीकडे निळी झाली. बोट बटणावर ठेवलं आणि तसंच राहिलं. देवश्री भिंतीवरचं कॅलेंडर बघत होती. बघण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"हेच का दुकान?" बाहेरून आवाज आला. "एकवीस वर्षं ऐकतेय, कधी आले नव्हते. काडेपेटी आहे नुसती."

मरियाताई दारात उभ्या होत्या. चर्चला नेसतात ती पांढऱ्या काठाची साडी. शेअर रिक्षातून उतरून दोनशे पावलं चालल्या असतील, पण दम लागला होता. मी उठून माझी खुर्ची दिली. मला उभं राहायला जागा उरली नाही, म्हणून मी प्रिंटरला टेकले.

"तुम्हीच का त्या?" ताई देवश्रीला म्हणाल्या. "लहान आहात की हो. त्या दिवशी मोठ्या वाटल्या होतात."

"तुम्हीच रडत होतात त्या दिवशी," देवश्री म्हणाली, "म्हणून वाटलं असेल."

ताईंना हे उत्तर आवडलं असावं. पदरानं कपाळ पुसून त्या म्हणाल्या, "दाखवा. कुठंय माझा भाऊ?"

मी स्क्रीन त्यांच्याकडे वळवली. ओळ अजून निळीच होती. त्यांनी चष्मा लावला आणि वही तपासावी तसं बोट ठेवत एकेका रकान्यावरून गेल्या. इंग्रजी त्यांना बरं येतं. 'माहिती देणारे' या रकान्याशी बोट थांबलं. मग पुढे गेलं, शेवटच्या रकान्यापर्यंत. तिथे जास्त वेळ थांबलं.

"विचारा," त्या म्हणाल्या.

देवश्रीनं पिशवीतून कोरा फॉर्म काढला. "मॅडम, तुमचे भाऊ बिडी-सिगारेट ओढायचे?"

"नाही."

"तंबाखू, गुटखा चघळायचे?"

"नाही."

देवश्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं.

"मिश्री लावायचे?"

रस्त्यावरून एक टेम्पो गेला. काच थरथरली आणि थांबली.

"लावायचा," ताई म्हणाल्या. "सकाळी. आणि कामावरून आल्यावर."

देवश्रीनं लिहिलं. मी श्वास सोडला. मला वाटलं, झालं. आता सही करतील, मी त्यांना रिक्षात बसवून देईन, ओळ राहील आणि आम्ही दोघी पुन्हा दुधाचं आणि पाण्याचं बोलत बसू. पण फॉर्ममध्ये त्याच्यापुढे आणखी एक चौकोन होता.

"किती वर्षांपासून?"

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"अंदाजे सांगितलंत तरी चालेल. कॉलेजात असल्यापासून? कामाला लागल्यावर?"

"सहा."

"सहा वर्षं लावत होते?"

"सहा वर्षांचा होता तेव्हापासून."

देवश्रीचं पेन थांबलं. "मॅडम, सोळा म्हणायचंय का तुम्हाला?"

"पोरी, मी गणित शिकवायची. सोळा मी होते. तो सहाचा होता."

"पण सहा वर्षांच्या मुलाला..." देवश्रीनं वाक्य अर्धंच सोडलं.

हे मला माहीत नव्हतं. एवढ्या वर्षांत मोझेसनं कधी सांगितलं नव्हतं. मी विचारलंच नव्हतं, कधीपासून म्हणून.

ताईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. त्या देवश्रीशी बोलत नव्हत्या, स्क्रीनकडे बघूनही बोलत नव्हत्या. मान वळवून त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दीड वर्षात पहिल्यांदा इतक्या सरळ. आणि बोलायला लागल्या तेव्हा चौतीस वर्षांची शाळा त्यांच्या बोलण्यातून गळून पडली होती.

"आई गेली अन् चार दिसांनी त्याची दाढ ठणकाया लागली. गाल असा सुजून आलता. दिसभर रडायचा. आईसाटी रडतुया का दाढंसाटी, काय कळंना. बाप शेतावर. मला तरी कुठं काय कळत हुतं? आईची डबी फळीवर हुती, तिच्यातली घेतली अन् बोटानं लावली. गप झाला. माज्या मांडीवर झोपला. मला इतकं बरं वाटलं, रोहिणी. दुसऱ्या दिशी सोताच आ करून म्होरं आला. मग रोजच." त्यांनी ओठ आत ओढून घेतले, पुन्हा सोडले. "तुज्यापास्नं लपवलं. त्याला बी म्हनले, सांगू नगंस. दवाखान्यात ह्या पोरीनं विचारलं तवा बी त्येच तोंडाशी आलतं, आन् मी न्हाई म्हनले."

"ताई, राहू द्या," मी म्हटलं. सवयच ती.

"न्हाई. लिव्हू दे तिला." त्यांनी देवश्रीच्या हातातला कागद बोटानं दाबून धरला. "लिव्ह, बाई. तंबाखूच हुती ती. मला ठाव हुतं, आन् मीच लावली त्याला."